चोळलेलं कोपर

पंचफुलाच्या हाताला यश होतं, दिग्रसच्या बाजारात कोणालाही विचारा. निखळलेला खांदा ती माणसाला गप्पांत गुंतवून झटक्यात बसवायची. बापाकडून मिळालेल्या विद्येचा पैसा घ्यायची नाही, चहा तेवढा प्यायची. एवढं नाव झाल्यावर बाई जरा चढणारच, तशी ती चढली होती.

म्हणून भावाची दहा वर्षांची दीपा सायकलवरून पडली, कोपर टम्म सुजलं, आणि तिची आई इंदू तिला घेऊन यवतमाळला हाडाचा फोटो काढायला निघाली, तेव्हा पंचफुलाने वहिनीला दारातच अडवलं.

"फोटो कायले वहिनी? माह्ये हात काय मोडले का?"

इंदू बिचारी थांबली. या नणंदेपुढे कोण बोलणार!

मग वीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, गरम तेलाने चोळणं. पोर किंचाळायची. "रड, रड. मोकळं होऊन राह्यलं," पंचफुला म्हणायची. कसलं मोकळं अन् कसलं काय! कोपर अर्ध्यात अडकलं ते अडकलंच. घास तोंडापर्यंत जाईना.

शेवटी तिघींनी यवतमाळ गाठलं. डॉक्टरबाईंनी फोटो उजेडापुढे धरला. "खांदा म्हणजे वाटीतला गोळा, चहूकडे फिरतो. कोपर दाराच्या बिजागरीसारखं. तिथलं हाड मोडलेलं असताना चोळलं, की मांसातच नवं हाड धरतं. हे पांढरं दिसतंय ना, तेच. कोणी चोळलं?"

"कोणीच नाही जी," इंदू पटकन म्हणाली.

पंचफुलाने वहिनीकडे पाहिलं. जिचं आपण ऐकलं नाही, तीच आपली अब्रू झाकत होती. गप्प बसली असती तरी खपलं असतं.

"मी चोळलं, डॉक्टरबाई. हे वहिनी तं पोरीले तवाच आणत होती, मीच येऊ देल्लं नाही."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. "आता हात लावू नका. वर्षभराने ऑपरेशनचं पाहू. पूर्ण वाकेलच असं सांगता येत नाही."

घरी आल्यावर पंचफुला ओट्यावर बसून राहिली. आपलेच हात तिला नकोसे झाले होते. दीपा हळूच येऊन समोर बसली आणि तिने दुखरं कोपर आत्याच्या मांडीवर ठेवलं.

"आत्या, अजून एकडाव चोळ न. मी रडत होती म्हणून तू हळू चोळलं, म्हणून नाही बसलं न? आता नाही रडत मी."

"नाही वं माय, तू नाही चुकली. मी चुकली," पंचफुला म्हणाली आणि ढसाढसा रडली.

दीपाने दातओठ आवळले, डोळे घट्ट मिटले आणि ती वाट पाहत बसली.