तेरा सक

कालिंदीकाकूंच्या डमडमच्या घरी दर रविवारी सकाळी मराठी मुलांचा वर्ग भरे. शाळेत मुलं बंगालीतून शिकत. मराठी पाढे त्यांना काकूंकडूनच काय ते मिळत. काकू आधी सांगत, मुलं मागून म्हणत. काकूंनी मेंदूतल्या गाठीसाठी कोबाल्टच्या किरणांचे शेक घेतले, तेव्हा काही महिने वर्ग बंद होता. त्यालाही आता दीड वर्ष झालं. गाठ गेली, डॉक्टर खूष होते. उजव्या कानामागे मात्र रुपयाएवढ्या जागेत केस परत उगवले नाहीत.

हल्ली दुधाला दोनदा विरजण लागे, दाराला कुलूप लावल्याचं आठवत नसे. नवऱ्याला, मनोहररावांना, त्यांनी हे सांगितलं नव्हतं. वर्ग चालतोय ना, मग डोकं शाबूत आहे, असं त्या स्वतःला बजावत.

त्या रविवारी लीनाला सोडायला आलेले तिचे वडील, चारुदत्त, दारातच थांबले.

"काकू, ही तेराचा पाढा काहीतरीच म्हणते. रागावलो तर म्हणते, मराठीत असाच असतो."

"बंगालीत वेगळा असतो, बाबा," लीना म्हणाली.

"म्हणजे तेरा आंबे मराठीत कमी भरतात वाटतं."

काकू हसल्या. "म्हणा रे सगळे. आज मी नुसती ऐकते."

आठ मुलं एका सुरात म्हणू लागली. 'तेरा पंचे पासष्ट' झालं आणि सगळी एकदम गप्प झाली. लीनाचा हात उजव्या कानामागे गेला. मग विजयचा, मग सगळ्यांचे. सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. थोड्या वेळाने एका सुरात आलं, "तेरा सत्ते एक्याण्णव."

"मध्ये का थांबलात?"

"तिथे थांबायचं असतं ना?" विजय म्हणाला. "तुम्हीच थांबता."

"कधीपासून?"

"दुर्गापूजेच्या सुट्टीपासून."

चारुदत्त आता हसत नव्हते. काकूंनी चिंचोक्यांचा डबा काढला, तेरा-तेराचे सहा ढीग करायला लावले. मुलांनी मोजले, काकूंनीही मोजले. अठ्ठ्याहत्तर. हिशेब पटला, पण काकूंना तो आकडा घरात शिरलेल्या परक्या माणसासारखा वाटला.

"चारुदत्त, पुढच्या रविवारपासून वर्गात तू बस. आमच्या यांना मी आजच सगळं सांगते." मग त्या मुलांकडे वळल्या. "आता तुम्ही सांगा. मी मागून म्हणते."

"तेरा सक अठ्ठ्याहत्तर," मुलं म्हणाली.

काकूंचे ओठ हलले नाहीत. लीनाने वाट पाहिली आणि पुन्हा सांगितलं, सावकाश, काकू सांगत तसं.

आपला हात कानामागे गेलाय, हे काकूंच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी तो खाली घेतला.

समोरचे आठ हातही खाली आले.