मूळ चाल परत येईपर्यंत

मूळ चाल

बाबा स्वयंपाकघरात जमिनीवर उताणा पडलाय. खाली जुन्या पद्धतीचा स्कॉटिश किल्ट. म्हणजे पांघरुणाएवढं लोकरीचं कापड, आईने गुडघ्यांवर बसून चुण्या घातलेलं. हा किल्ट असाच नेसतात. कापड पसरायचं, त्यावर झोपायचं, दोन्ही काठ पोटावर ओढून घ्यायचे, पट्टा आवळायचा आणि उठायचं.

शेवटचं बाबाच्या लक्षात राहत नाही.

"टॉर्किल, ऊठ," आई म्हणाली.

"कोण जिंकलं?"

"अजून लढाई व्हायचीय. आधी लापशी खा."

"मग मला आत्ताच कशाला मारलंत?"

आई हसली. मीही हसले. बाबा आमच्याकडे बघत राहिला, कारण त्याने विनोद केलाच नव्हता.

पहिला फेर

ग्लेन फियारची लढाई आम्ही दर उन्हाळ्यात हरतो. आजोबा हरले, बाबा हरला, उंची पुरल्यापासून मीही हरतेय. लाल डगलेवाले, म्हणजे राजाच्या सैनिकांचं सोंग घेतलेले लोक, जिंकून गेले की आमच्या घरचा पायपर, म्हणजे बॅगपाइप वाजवणारा, मैदानात उभा राहून मेलेल्यांसाठी मोठी चाल वाजवतो. चाल संपेपर्यंत मेलेल्यांनी उठायचं नाही. चिलटं चावली तरी खाजवायचं नाही.

ही चाल बाबाने मला तोंडाने गाऊन शिकवली. भांडी विसळताना, गाडी चालवताना. हिन-दो, हो-द्रो. आधी संथ मूळ चाल, मग एकाहून एक दाट असे तीन फेर आणि शेवटी मूळ चाल पुन्हा. "ती परत आली नाही," तो म्हणायचा, "तर बाहेर गेलेला माणूस घरी आलाच नाही असं समज. आणि मधेच तोडलीस, तर पहिल्यापासून."

आता त्याच्या बोटांना फेर सापडत नाहीत. म्हणून पाइप माझ्या खांद्यावर आले आणि बाबा मेलेल्यांत गेला.

दुसरा फेर

हेक्टर आमचा सेनापती. एरवी शाळेची बस चालवतो. लढाईआधी त्याने मला आणि आईला तंबूमागे गाठलं.

"इशबेल, गेल्या वर्षी तुझा बाप ऐन लढाईत लाल डगलेवाल्यांना बिस्किटं वाटत होता."

"त्यांनी घेतली ना?"

"घेतली गं. पण तोफेसमोर उभा राहून वाटत होता! आपला गोळा खोटा असतो, दारू खरी असते."

"या वर्षी तो पडून राहणारय. मेलेला माणूस कुठे जाणार?"

"नीट मेला, तर पुढच्या वर्षीही येऊ दे. पण काही गडबड झाली, तर मग दोरीच्या बाहेर, प्रेक्षकांत, खुर्चीवर."

"खुर्चीवर बसवलंस तर तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसेल," आई म्हणाली. "वर्षातला हा एकच दिवस, हेक्टर. आज आपण कुठे चाललोय हे त्याला न सांगता कळतं."

"म्हणून तर एक संधी देतोय, उना. मी काय राक्षस आहे?" मग माझ्याकडे वळून, "आणि तू चाल जरा आटप. मूळ चाल, एक फेर, बस. लोक पावसात उभे असतात. त्यांना चहा हवा असतो."

मी हो म्हटलं. तेव्हा त्याने शिट्टी वाजव म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

तिसरा फेर

बाबा फार सुंदर मेला. सगळ्यांच्या पुढे धावला, बार उडाल्यावर गुडघ्यांवर आला, मग सावकाश उताणा झाला. दोरीबाहेर कुणीतरी हळहळलंसुद्धा.

मी मूळ चाल वाजवली. एक फेर वाजवला. थांबले.

मेलेले उठले. गवत झटकत, खाजवत, टाळ्या घेत.

बाबा उठला नाही.

"बाबा! संपलं. ऊठ!" मी ओरडले. आईही दोरीजवळून ओरडली. त्याचे डोळे उघडे होते, माझ्याकडेच लागलेले. छातीवर बोटं चालत होती. दुसऱ्या फेरात पोचली होती.

त्याला उठवणारी एकच गोष्ट होती. मी फुंकणी तोंडात घेतली, पिशवी भरली आणि दुसरा फेर धरला. पाइप वाजत असताना तोंड आपलं नसतं, हातही आपले नसतात. हे मी

ॲम्ब्युलन्सचे हिरव्या जाकिटातले दोघे मैदानात धावताना दिसले तेव्हा

तो आजारी नाहीये, तो ऐकतोय

"आजोबा, ऐकू येतंय का?" बाबा गप्प, मेलेला माणूस उत्तर कसं देईल, त्यांनी मनगट धरलं, कपाळाला हात लावला, आणि मी मानेने नाही नाही करतेय तर पाइपच्या तिन्ही नळ्या खांद्यावर हलतायत, लोकांना वाटतंय बाई रंगात आली

हेक्टर धावतोय, आई दोरीखालून वाकून येतेय

थांबले तर सांगता येईल, थांबले तर पहिल्यापासून

स्ट्रेचर उचललं. बाबाने अंग सैल सोडलं, एक हात खाली लोंबू दिला. इतका आज्ञाधारक मुडदा त्यांनी कधी वाहिला नसेल. मी मागून चालले, तिसरा फेर वाजवत. माझ्यामागे आई. दोरीबाहेरच्या पुरुषांनी टोप्या काढल्या. एक बाई रडत शेजारणीला म्हणाली, "दरवर्षी नसतं गं हे. या वर्षी किती छान बसवलंय!"

मूळ चाल

बाबा उताणा पडलाय आणि आई त्याला ऊठ म्हणत नाहीये. ती स्ट्रेचरशेजारी, त्याच्या किल्टची सुटलेली चुणी धरून उभी आहे. मूळ चाल परत आली ती ॲम्ब्युलन्सच्या दारात. मी ती पुरी वाजवली.

बाबा उठून बसला. हिरव्या जाकिटातला मुलगा दचकून मागे सरला.

"तिसऱ्या फेरात घाई केलीस," बाबा मला म्हणाला. मग त्याने मन लावून मान खाजवली.

हेक्टर टोपी हातात घेऊन आला. "उना," त्याने सुरुवात केली.

"माहितीय," आई म्हणाली. "त्याच्यासमोर नको."

"हेक्टर!" बाबा खुलला. "कसा मेलो?"

"छान मेलास, टॉर्किल. तुझ्याइतकं छान कुणीच मेलं नाही."

"मग ठरलं. पुढच्या वर्षीही मीच मरतो."

हेक्टर माझ्याकडे बघू लागला. आई माझ्याकडे बघू लागली. "काय गं?" बाबाने मला विचारलं. "ठरलं ना?"

पिशवीत थोडी हवा उरली होती. मी फुंकणी पुन्हा तोंडात धरली.