कोहळ्यावरचा पहिला घाव

"महादेवराव, येवढं एक कोहळं फोडून देता का?" माणिकबाईंनी पुन्हा विचारलं.

शेजारी कांदे-लसूण मांडून बसणारा महादेवराव चहा पीत होता, आणि तो चहा काही संपेना. समोर गिऱ्हाईक पिशवी उघडून उभं. त्याला पाव किलोची फोड हवी होती आणि माणिकबाईंच्या पुढ्यात मोठं थोरलं कोहळं अख्खंच्या अख्खं बसलेलं.

"फोडतो ना वैनी. कोहळ्याले शेवटी गडी मानूसच लागते," महादेवराव म्हणाला. आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. गिऱ्हाईक पुढच्या दुकानावर गेलं.

तेल्हाऱ्याच्या भाजीबाजारात दसऱ्यापासून हे रोजचंच झालं होतं. अख्खं कोहळं म्हणजे घरातला थोरला मुलगा, त्याच्यावर बाईनं पहिला विळा चालवायचा नाही, असं सासूनं माणिकबाईंना लग्नाच्या वर्षीच बजावलं होतं. एकदा पुरुषाचा हात लागला की मग बाईनं हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. शिकलेले लोक म्हणतील अंधश्रद्धा. म्हणोत बापडे. माणिकबाईंना शेखर एकुलता एक, तोही पुण्याला कंपनीत, दिवसभर मोटारसायकलवर. ज्यांचा जीव असा लांब टांगलेला नाही, त्यांनी शहाणपण शिकवू नये.

शेषराव होते तोवर प्रश्नच नव्हता. सकाळी ते एकेका कोहळ्याला देठाजवळ विळा लावायचे आणि पुढचं सगळं बायकोवर सोपवून निवांत तंबाखू मळत बसायचे. पोळ्याच्या आधी पोटाच्या दुखण्यानं ते गेले. मागे राहिली कोहळ्याची वाडी, आणि यंदा ती अशी लागली होती की पाहत राहावं.

त्या संध्याकाळी माणिकबाई तणतणतच घरी आल्या. गुरांपुढे टाकीन, पण त्या माणसाची मनधरणी करणार नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. मग नरम पडलेली कोहळी वेगळी काढायला म्हणून ओल्या फडक्यानं एकेकाची माती पुसायला घेतली.

देठाजवळ बोटभर वण होता. त्यांना वाटलं, उंदीर लागला असेल. दुसरं पुसलं, त्यालाही तिथंच. तिसऱ्यालाही. कोवळेपणी लागलेला, भरून आलेला, सरळ घाव. उंदीर काही असा नेमानं दात लावत नाही.

मग त्यांना शेषरावांचं शेतातलं शेवटचं येणं आठवलं. धड बसवत नव्हतं, तरी हातात छोटा चाकू घेऊन माणूस दिवसभर वेलांतून सरकत होता. कोहळी तेव्हा हिरवीगार, मुठीएवढी. माणिकबाई खेकसल्या होत्या, "डाक्टरनं पडून राहाले सांगतलं, अन् तुमी वेलं काय चाळून राहिले?"

"काही नाही वं," शेषराव म्हणाले होते. "उद्या बाजारात तुले कोनाचं तोंड पाहा लागू नये."

पीक चांगलं यावं म्हणून तण काढतायत, असं त्या समजल्या होत्या. आता कोहळ्यांच्या ढिगात बसून त्या पोटभर रडल्या. गेलेल्या माणसाचा रागही आला. सांगून गेला असता तर काय बिघडलं असतं?

दुसऱ्या दिवशी माणिकबाईंनी बरोब्बर वणावर विळा ठेवला, तसा महादेवराव चहा टाकून स्वतःच उठून आला. "आना वैनी, मी देतो."

"राहू द्या," माणिकबाई म्हणाल्या. "आमच्या घरच्या मानसानं फोडून ठेवलं हाय."

मग दिवाळीपर्यंत त्यांनी काही म्हणजे काही वाया जाऊ दिलं नाही. चांगल्या फोडी बाजारात गेल्या, नरम पडलेल्यांची गूळ घालून बोंडं तळली, सालं गुरांना घातली, बिया धुऊन पत्र्यावर वाळवल्या.

दिवाळीला शेखर आला. वेल उपटताना त्याला कुंपणाखाली एक लहानसं कोहळं सापडलं. माणिकबाईंनी ते फिरवून फिरवून पाहिलं. वण नव्हता. शेषराव गेल्यावर धरलेलं होतं ते.

"आन माय, मी फोडून देतो," शेखरनं विळा उचलला.

ते सोपं होतं. माणिकबाईंनी क्षणभर विचारही केला. "अन् पुढच्या साली? तू का रोज पुण्याहून येशीन?" त्यांनी विळा त्याच्या हातातून घेतला. "तू निस्ता समोर बस माह्या. तो फोन ठेव खाली."

"काहून?"

"बस म्हनलं ना."

शेखर बसला. माणिकबाईंनी देठाजवळ विळा टेकवला आणि दाबला. कोहळ्याकडे त्या पाहतच नव्हत्या. दोन भकलं होऊन पडली तरी त्यांची नजर शेखरच्या चेहऱ्यावरच होती.

"बिया ठेवाच्या ना वं?" शेखरनं विचारलं, आणि बोटांनी गर बाजूला करून तो बिया काढू लागला.