किल्ली स्वतःच्या खिशात

मी एक जुना आराखडा आहे मित्रांनो, पण कागदावरचा नव्हे. मी संगणकात राहतो. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी आराखडे मांडायच्या प्रोग्राममध्ये मला एकोणीस वर्षं वाढवलं. वर शीर्षक, त्याच्या पोटात उपशीर्षक, त्याच्या पोटात पायऱ्या. 'दार अडकतं', 'ब्रेक घसरतो', 'मधेच थांबते' अशी दोनशे बारा दुखणी मी सांभाळतो, आणि एकही माझं स्वतःचं नाही.

काका फोनवरून सहकाऱ्यांना सांगायचे, "ब्रेकची चौथी पायरी बघ." आकडे सगळ्यांना पाठ. एकदा काका ब्रेक खोलत असताना कुणीतरी खाली मेन स्विच चालू केला आणि काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. बरे झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने लिहिलं, "आधी मेन स्विच बंद. कुलूप. किल्ली स्वतःच्या खिशात." पण नवी पायरी घातली असती तर सगळे आकडे सरकले असते. म्हणून ती ओळ त्यांनी पहिल्या पायरीला टीप म्हणून जोडली. टिपेची खूण तिळाएवढी, तिच्यावर टिचकी मारली तरच ती उघडते. पुढचे सगळे इशारे त्यांनी असेच ठेवले.

काकांच्या निवृत्तीला आठवडा उरला. माझा प्रोग्राम तर त्यांच्याआधीच निवृत्त झालेला, नव्या संगणकावर तो चालेचना. तेव्हा काकांची पुतणी मदतीला आली. यंत्रांच्या माहितीपुस्तिका तयार करणं हे तिचं काम. तिने मला एक्सएमएलमध्ये न्यायचं ठरवलं. म्हणजे प्रत्येक ओळीला ती कोण आहे याची चिठ्ठी लावायची: हे शीर्षक, ही पायरी. मग फोनसुद्धा मला वाचू शकतो. जुन्या संगणकावरून पाच मिनिटांत एक्सपोर्ट झालं. संगणकाने केलेल्या तपासणीत एकही चूक निघाली नाही.

"काका, काय शिस्तीचा आराखडा आहे हो तुमचा!" ती म्हणाली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

काकांच्या जागी आलेली नवी मेकॅनिक दुसऱ्या दिवशी एकटीने ब्रेक खोलणार होती. काकांनी तिला तिच्या फोनवर उघडून मोठ्याने वाचायला सांगितलं.

"पायरी एक. ब्रेकचं झाकण काढा."

"त्याच्या आधी?"

"आधी काही नाहीये, काका."

काकांचा चेहरा उतरला. "माझी किल्ली कुठंय?"

पुतणीने शोधलं. एक्सपोर्ट करताना 'टिपा सोबत घ्या' हा चौकोन रिकामाच राहिला होता. माझ्या एकशे सहा टिपा मागेच राहिल्या होत्या. जे आलंच नाही, त्यातली चूक तपासणी कुठून काढणार? मघाच्या ऐटीची मला लाज वाटली.

"चुकलं माझं," पुतणी म्हणाली. "तुम्हाला विचारायला हवं होतं."

"अगं, मी तरी कुठे सांगितलं?" काका म्हणाले. "चल, बस. एकेक ओळ बघू."

या वेळी प्रत्येक टिपेला 'इशारा' अशी चिठ्ठी मिळाली. इशारे पायरीच्या आधी, लाल अक्षरांत आले, आणि आकडेही हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काका नुसते सोबत गेले आणि मुद्दाम गप्प उभे राहिले. मेकॅनिकने फोन पाहिला, स्विच बंद केला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. काकांनी लगेच पुतणीला फोन करून हे सांगितलं.

आता माझं हे जुनं रूप कुणी उघडत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, कुणाचं काम नव्या घरी हलवाल, तेव्हा त्याला शेजारी बसवा आणि विचारा, "मिटून ठेवलेलं काही राहिलं का?" मला आठ बोटांच्या माणसाने लिहिलं. नव्या मेकॅनिकला दहा आहेत. ती दहाच राहू द्या.