पाच की पंधरा

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ऑडिटरचा मेल आला आणि मोहिनीचं कामातलं लक्ष उडालं. मेल दोनच ओळींचा होता. आळेफाट्याजवळच्या पॅकहाउसची एक एकर जागा भाड्याची आहे. तिची मुदत किती वर्षं धरली, आणि कशावरून?

मोहिनी फतेचंदशेठांच्या कंपनीत नऊ वर्षं हिशेब सांभाळत होती. कांदा, टोमॅटो निवडून, भरून बाहेर पाठवणारी ही कंपनी. आजवर भाड्याचं काम सोपं होतं. महिन्याचं भाडं दिलं, खर्चात टाकलं, विषय संपला. पण गेल्या वर्षी पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीनं निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला आणि हिशेबाची रीतच बदलली. आता भाड्याची जागाही ताळेबंदात दाखवायची. ती वापरायचा हक्क ही मालमत्ता, आणि पुढे द्यायचं सगळं भाडं हे आजचं देणं. म्हणून मुदतीला महत्त्व आलं. कराराला येत्या जूनमध्ये पाच वर्षं पुरी होत होती. तो तिथंच संपला तर देणं तीन महिन्यांच्या भाड्याएवढं. पुढची दहा वर्षं चालला तर तेवीस लाख.

"जूनमध्ये जागा सोडणार, असं लिहून टाका," जिनेश म्हणाला. तो शेठांचा मुलगा. कारभार आता तोच बघायचा. "बँकेनं आपल्या एकूण देण्याला मर्यादा घातलीय. तेवीस लाख दिसले की नव्या मशीनचं कर्ज अडकलंच."

"पण भाऊ, तिथं दीड कोटीची शेड आहे आपली. ती कुठं नेणार?"

"न्यायचीय कुठं? कागदावर लिहायचंय फक्त. उद्या ऑडिटरला द्यायचं पत्र तयार ठेवा. सही तुमची आणि माझी."

मोहिनी जागेवर आली. उठली, पाणी प्याली, परत बसली. मग कपाटातून करार काढून तिनं पहिल्यापासून वाचायला घेतला. आठव्या पानावर ती थांबली. पाच वर्षांनंतर कंपनीच्या इच्छेनुसार करार आणखी पाच-पाच वर्षांनी दोनदा वाढेल. जागामालकास हरकत घेता येणार नाही.

मसुदा वकिलाचा होता, पण टाईप तिनंच केला होता. अर्थाकडे न बघता, ओळीमागून ओळ. आणि सहीच्या दिवशी जागेची मालकीण गोजरबाई तिला म्हणाली होती, "पोरी, तू आमच्या आळ्याची सून. काय लिवलंय ते तूच सांग." मोहिनीनं पहिलं पान वाचून सांगितलं होतं, "पाच वर्षांचा करार आहे, मावशी."

संध्याकाळपर्यंत तिला थांबवेना. डोकं दुखतंय म्हणून ती तीनलाच निघाली आणि स्कूटी थेट गोजरबाईच्या दारात उभी केली.

गोजरबाई ओसरीवर लसूण निवडत होती. तिला बघून हसली. "बरी आलीस. जूनमधी जागा मोकळी व्हतीय न्हवं? आमची लेक मंगल रोपवाटिका टाकणार हाय तिथं. जावयानं नारायणगावात काम शिकून घेतलंय. मागल्या हिरीला पानी हाय, शेडनेटचा भाव बी काढलाय."

मोहिनी टेकलीसुद्धा नाही. उभ्यानंच तिनं आठव्या पानावरचं सगळं सांगितलं.

गोजरबाईचे हात थांबले. "म्हंजी किती वर्सं?"

"कंपनीनं ठरवलं तर पंधरा. पाच झाली, अजून दहा."

"आन् मी न्हाई म्हनले तर?"

"तुम्हाला नाही म्हणता येत नाही, मावशी."

"तू वाचून दावलंस मला."

"एकच पान वाचलं."

"बाकीची का न्हाई वाचलीस?"

गोजरबाईनं लसणाची सुपली बाजूला सारली आणि आत जाऊन मंगलला फोन लावला. बाहेर मात्र ती पुन्हा आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहिनीनं जिनेशला सांगितलं, "त्या पत्रावर मी सही करणार नाही."

"का?"

"आपण जूनमध्ये जाणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. आणि गोजरमावशींना मी काल करार सांगितला."

जिनेशचा चेहरा लाल झाला. "पगार आमचा आणि वकिली त्यांची?"

तो आणखी बोलला असता, पण तेवढ्यात गोजरबाई मंगलला घेऊन आत आली. फतेचंदशेठ सकाळी तासभर ऑफिसात बसायचे. ती थेट त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली.

"शेठ, तुमी माझ्या ओसरीवर बसून पाच म्हनला व्हता."

"बाई, करारात लिहिलेलं असतं तेच..." जिनेशनं सुरुवात केली.

"थांब," फतेचंदशेठ म्हणाले. बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले. "पाचच म्हणालो होतो मी. आठव्या पानाचंही ठाऊक होतं. वाटलं, भाडं वेळेवर मिळतंय, बाई कशाला उठवेल?"

"मला इचारायचं तरी."

मोहिनीनं हातातला कागद उलगडला. आदल्या संध्याकाळी घरी तिनं त्यावर आकडेमोड केली होती. तो तिनं टेबलावर ठेवला.

"शेठ, विहिरीकडची वीस गुंठे जागा आपण वापरतच नाही. फुटके क्रेट पडलेत तिथं. तेवढी परत केली तर भाडं निम्मं होतं, आणि पंधरा वर्षं धरली तरी देणं साडेअकरा लाखांवर येतं. खोटं काही लिहावं लागत नाही."

जिनेशनं कॅल्क्युलेटर ओढला, पुन्हा पुन्हा आकडे टाकले. "तरीही मशीन लहान घ्यावं लागेल," तो शेवटी म्हणाला.

"घे लहान," फतेचंदशेठ म्हणाले.

"आन् पुढली अर्धी?" गोजरबाईनं विचारलं.

"ती आमच्याकडेच राहील, बाई. शेड उभी आहे."

"म्हंजी मी मरस्तवर."

मार्च संपायच्या आत अर्धी जागा परत देणारा दुरुस्तीचा करार झाला. तो वाचायला मोहिनी पुढं झाली, तर गोजरबाई म्हणाली, "तू नगं. मंगल वाचंल." मंगलनं अडखळत सगळी पानं वाचली. तासभर लागला, आणि तेवढा वेळ मोहिनी पॅसेजमध्ये फेऱ्या घालत राहिली. ऑडिटरनं शेडच्या जागेला पंधरा वर्षांची मुदत मान्य केली. जिनेशनं लहान मशीन घेतलं आणि बँकेचं काम मोहिनीकडून काढून घेतलं. कारण सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

जूनमध्ये विहिरीकडच्या जागेत हिरवं शेडनेट उभं राहिलं, ट्रेमध्ये टोमॅटोची रोपं दिसू लागली. मंगल येता-जाता मोहिनीला हात करायची. गोजरबाई मात्र बघून न बघितल्यासारखं करायची. एकदा मोहिनीनं स्कूटी थांबवली आणि तिच्याजवळ जाऊन म्हणाली, "माझं चुकलं, मावशी."

"मी रागावले न्हाई," गोजरबाई रोपांना पाणी घालत म्हणाली. "अर्धी जमीन तुझ्यामुळंच सुटली, ते बी कळतंय मला. पन आता काय इचारायचं असलं तर तुला इचारावंसं वाटत न्हाई."

मोहिनी घरी आली, भाजी चिरायला घेतली, अर्ध्यावर सोडून अंगणात गेली आणि सासूनं दोनदा हाक मारली तरी तिथंच इकडून तिकडं चालत राहिली.