रंगवायला नेलेलं बाक

मी आमच्या सेवा मंडळाची चिटणीस. मला खोटं बोललेलं खपत नाही, हे मी अकरा वर्षं ज्याला त्याला ऐकवत आले होते.

मंडळात माणसं बत्तीस, त्यातली कामाची सहा. बाकीची चहाला. बैठकीत "करू या की" म्हणणारे पुष्कळ, पण फावडं धरायची वेळ आली की कुणाकडे पाहुणे येतात, कुणाची कंबर धरते. यावर मी एक नामी उपाय काढला होता. मंडळाचं महिन्याचं पत्रक मीच लिहिते. एकच कागद, पुढचं पान आणि मागचं पान. पुढे मंडळाची कामं, मागे 'पालिकेकडून' या मथळ्याखाली पाण्याच्या वेळा, बंद रस्ते, कर भरायची मुदत. पुढच्या पानाला रंगीत पट्टा असल्यामुळे ते वीस तारखेलाच छापून होतं, मागचं शेवटच्या आठवड्यात. तेव्हा महिनाअखेरीला जे काम करायचं ठरलेलं असे, ते मी वीस तारखेलाच 'केले' म्हणून लिहून टाकी. 'वाचनालयाच्या पायऱ्यांना कठडा बसवला.' 'दवाखान्याच्या आवारात बारा रोपे लावली.' छापलेला कागद बैठकीत टेबलावर ठेवायचा आणि गप्प बसायचं. एक तारखेला हे घरोघरी जाणार म्हटल्यावर लाजेकाजेस्तव सगळे हजर होत. 'छापलं की झालं' अशी मंडळात म्हणच पडली होती. एवढ्या वर्षांत माझी एक ओळ खोटी पडली नव्हती आणि मला त्याचा चांगलाच तोरा होता.

मार्चच्या पत्रकात मी लिहिलं, 'चढावरच्या रस्त्यावर ज्येष्ठ नागरिकांसाठी बाक बसवले.'

ज्येष्ठ नागरिक म्हणजे माझी ताई. हे मी बैठकीत कुणाला सांगितलं नव्हतं आणि ताईलाही नाही. ताई चढाच्या अगदी वरच्या टोकाला एकटी राहते. सात महिन्यांपूर्वी न्हाणीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज बाहेर चाला, नाहीतर पाय कायमचा आखडेल. पण ताईला शंभरेक पावलांनंतर बसावं लागे आणि त्या रस्त्याला एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला गटार. मध्यावर शिंप्याचं दुकान, बाकी काही नाही. कुणाचा आधार घेऊन चालणं तिला मान्य नव्हतं. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर शाळेत मला हाताला धरून तिनेच नेलं, आणि तेव्हापासून हात धरणारी ती आणि धरवून घेणारी मी, असंच चालत आलं होतं. दारातून खिडकीपर्यंत आणि खिडकीतून दारापर्यंत, एवढंच तिचं चालणं उरलं होतं.

बाक मंडळातल्याच सुताराकडे तयार होतं, कोऱ्या लाकडाचं. पालिकेची परवानगी तेवढी यायची होती. सव्वीस तारखेला तिथून पत्र आलं. चढावर पाण्याची नवी वाहिनी टाकायची असल्याने पुढचे तीन महिने त्या रस्त्यावर जमिनीत काहीही पक्कं बसवू नये. ही बातमी पालिकेची, म्हणजे मागच्या पानाची. मी ती इमानेइतबारे मागच्या पानावर लिहिली आणि छापखान्यात पाठवली. गठ्ठा घरी आला तेव्हा माझ्या लक्षात आलं. पुढच्या पानावर बाक बसलं होतं आणि मागच्या पानावर पालिकेने ते उठवलं होतं.

लक्षात आलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आलं. मी तीनशे कागदांकडे पाहिलं आणि म्हटलं, जाऊ दे, वाचतंय कोण. ताई पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते हे मला माहीत होतं. पण ताई घराबाहेर पडत नाही, हे मला त्याहून जास्त माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात तिच्याकडे गेले तर तिची काठी कपाटामागे ढकललेली. चालणं पुरे झालं, घरातल्या घरात बरी आहे मी, असं ती म्हणाली. खिडकीपर्यंतही जाईना. मी चिडले. डॉक्टरांचं नाव काढलं, पाय आखडला की कोण करणार म्हणून विचारलं, नको नको ते बोलले. ताई शेंगा सोलत ऐकत राहिली. मी दार आपटून बाहेर पडले आणि खाली उतरताना अर्ध्या वाटेवर कळलं की आपण आपटलेलं दार आजारी माणसाचं होतं. तरी परत गेले नाही.

त्यानंतर दहा दिवसांनी पिशवीची चेन बिघडली म्हणून शिंप्याकडे गेले. तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "बाक आलं का हो रंगवून?"

कसलं बाक, म्हणून मी विचारलं. तेव्हा त्याने चेन ओढून बघता बघता सगळं सांगितलं. दोन तारखेला सकाळी ताई एकटी उतरत आली होती. धुतलेली साडी, पायात चपला, हातात काठी. दुकानासमोर येऊन थांबली आणि इकडे तिकडे बघायला लागली. मग भिंतीला हात टेकला. घामाने चेहरा भिजलेला. हा धावत स्टूल घेऊन गेला. कुठे निघालात, म्हणून विचारलं.

"तर म्हणाल्या, आमच्या धाकटीने इथे बाक बसवलंय, ते बघायला आले होते. रंगवायला नेलेलं दिसतंय. निळा देणार असेल, तिला निळा आवडतो. म्हटलं चला, घरी सोडतो. पण हात काही धरू देईनात. मग काय, त्या वीस पावलं चालायच्या आणि मी मागून स्टूल ठेवायचो. वर जायला पाऊण तास लागला आम्हाला."

मग त्याने येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं की निळं बाक येतंय. ताईच त्याला म्हणाली होती, आमची धाकटी शब्दाची पक्की आहे.

मी त्याच स्टुलावर बसले आणि रडले. चेन बसवून होईपर्यंत रडत होते. शिंपी बिचारा मान खाली घालून मशीन चालवत राहिला. ती पावलं मोजत उतरली असेल. आता बाक येईल, आता येईल. सात महिन्यांत पहिल्यांदा उंबरा ओलांडला तो माझ्या एका ओळीच्या भरवशावर, आणि तिथे नुसती भिंत. तशा अवस्थेतही तिला सुचलं काय, तर मला झाकून घेणं. आणि हिला मी दार आपटून दाखवलं होतं.

बैठकीत मी उभी राहिले आणि म्हटलं, पत्रकात चूक छापायची आहे. पुढच्या पानावर, अगदी वर. अध्यक्ष औषधवाले. त्यांना डोकेदुखीपासून सगळ्यावर गोळी ठाऊक असते. ते म्हणाले, तीन महिन्यांनी बाक बसेलच, मग ओळ आपोआप खरी होईल, कशाला उगाच मंडळाची अब्रू. मी म्हटलं, तीन महिन्यांत पाय आखडतो. कुणाचा, ते मग मला सांगावं लागलं. सगळं सांगितलं, दारासकट.

शेवटी अध्यक्षांनी पालिकेचं पत्र पुन्हा पुढे ढकललं आणि विचारलं, पण याचं काय करायचं?

"जमिनीत पक्कं बसवू नये एवढंच लिहिलंय त्यात," मी म्हणाले. "शिंप्याचं स्टूल कुठे जमिनीत पक्कं होतं?"

सुताराने मान वर केली. बाक दोघांना उचलतं, तो म्हणाला. रोज संध्याकाळी पाचला नेऊन ठेवायचं आणि साडेसहाला परत आणायचं. खोदायला सुरुवात झाली की भिंतीच्या कडेला सरकवायचं. रोज दोन माणसं लागणार होती, तीही तीन महिने. मी टेबलाकडे बघत बसले. या वेळी दाखवायला छापलेला कागद नव्हता. मग अध्यक्ष खाकरले आणि म्हणाले, सोमवार माझा. चहावाल्या सव्वीस जणांतलेही चौघे निघाले.

रंग मात्र मी कुणाला लावू दिला नाही. सुताराच्या दुकानात दोन दुपारी बसून निळे दोन हात दिले. माझं खोटं मला खरं करता आलं नव्हतं, निदान तिचं तरी करावं.

सोमवारी पाचला बाक शिंप्याच्या दुकानापुढे ठेवून मी वर गेले. ताई पलंगावर बसली होती.

"ताई, बाक आलंय," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. "छापलंय का?"

"नाही. छापलेलं नाही. नुसतंच आहे."

कपाटाकडे हात करून तिने काठी मागितली. रंग वाळलाय का, असंही विचारलं. वाळलाय, मी म्हटलं, मी हात लावून बघितलाय.

उतरायला पंधरा मिनिटं लागली. मी एक पाऊल मागे चालत होते, हात मागे बांधून, कारण पुढे केला असता तर तिने झिडकारला असता. शिंपी दारात येऊन उभा होता, पण शहाण्यासारखा काही बोलला नाही. ताईने बाकाच्या पाठीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि मग बसली. मीही बसले.

"ताई, मी खोटं छापलं होतं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "पुढचं पान वाचून तशीच निघाले होते. मागचं त्या दिवशी घरी जाऊन वाचलं."

मग बोलली का नाहीस, म्हणून विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी बोलूच कुठे दिलं होतं? ताईने पाय लांब केला, आखडता घेतला, पुन्हा लांब केला. समोरून पालिकेचे दोघेजण खोदाईच्या खुणा म्हणून रस्त्यावर चुन्याच्या रेघा ओढत वर येत होते. बाकापाशी आल्यावर त्यांनी रेघ जराशी वळवून घेतली आणि पुढे गेले. ताईला त्याची मोठी गंमत वाटली.

साडेसहाला अध्यक्ष आणि सुतार बाक न्यायला आले. ताईला बघून दोघेही लांबच थांबले. आम्हाला काही घाई नाही, असं अध्यक्ष तीनदा म्हणाले.

"उद्या असेल का गं बाक?" ताईने मला विचारलं.

हो म्हणणं अगदी ओठांवर आलं होतं. "उद्याचं उद्या सांगते," मी म्हणाले.

ताई हसली. किती महिन्यांनी हसली, ते मला माहीत होतं. हसता हसताच तिने काठी माझ्या हातात दिली आणि उठायला माझा हात मागितला.