गोणपाटाचा धूर

ओलसर गोणपाट जळताना एक जाड, गोडसर वास येतो. तो मी झोपेतही ओळखीन, कारण माझ्या कपड्यांना, केसांना आणि आमच्या ह्यांचं ऐकाल तर माझ्या स्वभावालाही तो लागलेला आहे. मधमाश्यांची पेटी उघडण्याआधी मी त्यांना धूर देते, तो गोणपाटाचाच. त्यामुळे शेजारच्या आवारातून भिंतीवरून पहिल्यांदा धूर आला तेव्हा धुराचा राग आला नाही. तो माझ्यासारखाच धूर होता, याचा आला. पालापाचोळा जाळा, मोडक्या खुर्च्या जाळा, काय वाटेल ते जाळा. गोणपाटच का?

"असेल घरात जुनं पोतं," हे म्हणाले.

"रोज दुपारी? एवढी पोती असतात का माणसाच्या घरात?"

ह्यांनी खांदे उडवले. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, बोलणंसुद्धा चिमट्यानं उचलून ठेवणार. माझं उलट. माझं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं, कानाला यंत्र लावून. लोक 'सहज फोन केला' म्हणतात तेव्हा तो सहज नसतो, हे मला आवाजावरून कळतं. निवृत्त झाले आणि एकदम घरात चिडीचूप. ती शांतता मला खायला उठायची. मग मी माश्या पाळायला शिकले. मागच्या आवारात भिंतीलगत लोखंडी स्टँडवर माझ्या दोन पेट्या. सकाळी चहा घेऊन त्यांच्याशेजारी बसले की कान भरायचे, आणि माझा दिवस सुरू व्हायचा. त्या दोन पेट्या गेल्या तर मी काय करीन हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

आणि धुरानं त्या जाऊ शकत होत्या. थोडा धूर दिला की माश्यांना वाटतं, कुठंतरी आग लागली. मग त्या पोटभर मध पिऊन घेतात, आणि भरल्या पोटी त्यांना चावायचं सुचत नाही. हे झालं एखाद्या वेळचं. तोच धूर रोज मिळाला तर त्या म्हणतात, ही जागा काही खरी नाही. मग एके दिवशी राणीसकट सगळं बिऱ्हाड उठतं आणि निघून जातं. हे माश्या पाळणाऱ्या कुणालाही माहीत असतं. म्हणजे शेजाऱ्यालाही माहीत असणार, असं मी धरून चालले.

शेजारी नवीनच राहायला आले होते. नवरा कुलुपं दुरुस्त करायचा, किल्ल्या करून द्यायचा, पुढच्याच खोलीत त्याचं दुकान. आम्ही त्याला कुलूपवाला म्हणायचो. नमस्कार केला तर नमस्कार, त्यापुढे शब्द नाही. बायको आहे एवढं ऐकून होतो, पण ती कधी दिसली नव्हती. आल्या आल्या मी मधाची बाटली दिली होती. त्यानं ती दारातच घेतली, माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागं भिंतीकडे बघितलं आणि विचारलं, "घरचा आहे?"

"घरचाच. मागं पेट्या आहेत माझ्या."

त्याचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, बाटली परत देतो की काय. मध चाखून चेहरा उतरलेला माणूस मी पाहिलेला नाही, आणि यानं तर झाकणही उघडलं नव्हतं.

कुठंतरी पाणी मुरत होतं.

मग मी लक्ष ठेवायला लागले. दुपारी चेहऱ्यावर जाळी चढवायची आणि स्टँडपाशी उभं राहून भिंतीच्या विटांमधल्या फटीतून बघायचं. पलीकडे पत्र्याचा डबा, त्यात गोणपाट, आणि वाऱ्याचा रोख पाहून कुलूपवाला तो डबा सरकवायचा. जिकडून धूर नेमका माझ्या पेट्यांवर येईल तिकडे. एकदा आमची नजरानजर झाली. तो दचकला, डबा तसाच टाकून आत गेला आणि दार लावून घेतलं. कडीचा आवाज मी ऐकला, मग वरच्या बोल्टचा, मग खालच्या.

"त्याला माझ्या माश्या हव्यात," मी ह्यांना सांगितलं. "इथून उठवायच्या आणि तिकडे रिकामी पेटी ठेवून पकडायच्या. शेडमध्ये लाकडी खोका आहे त्याच्या, मी पाहिलाय."

"खोका सगळ्यांकडे असतो. अगं, जाऊन विचार ना सरळ."

"विचारलं की माणूस खोटं बोलायची तयारी करतो."

तरी गेले. विचारायला नाही, बघायला. कपाटाचं चांगलं चालतं कुलूप पिशवीत टाकलं आणि त्याच्या दुकानात जाऊन काउंटरवर ठेवलं. "अडकतंय," म्हटलं. त्यानं किल्ली घातली, फिरवली, काढली, पुन्हा फिरवली.

"यात काही बिघाड नाही."

"कधी कधी अडकतं."

"कुलूप कधी कधी अडकत नाही, बाई. अडकतं तेव्हा अडकतं."

'सहज' केलेल्या फोनबद्दल मी म्हणते तसंच वाक्य होतं ते, फक्त कुलपाबद्दल. मी त्याच्या मागं बघत होते. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. भर दुपारी आत अंधार, पडदे ओढलेले, आणि खिडकीच्या चारी कडांना रुंद चिकटपट्टी लावलेली. पट्टीच्या वर पट्टी. एका कोपऱ्यात खुर्चीवर बाई बसली होती. तिनं मान वळवली, आणि कुलूपवाल्यानं हात मागं करून ते दार ओढून घेतलं.

मी घरी आले ती धापा टाकत. बायकोला कोंडून ठेवणारा माणूस! आता गोष्ट माझ्या माश्यांपुरती राहिली नव्हती. हे भिंग डोळ्याला लावून कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "चिकटपट्टी आतून होती की बाहेरून?"

"आतून."

"मग कोंडणारा आतून लावत नाही." आणि पुन्हा घड्याळात डोकं खुपसलं. अशा वेळी ह्यांचा मला फार राग येतो, कारण बरोबर बोलतात आणि पुढं काहीच बोलत नाहीत.

त्याच आठवड्यात मी डावीकडची पेटी उघडली आणि तशीच वाकून बघत राहिले. पोळ्यात नवीन अंडी नव्हती. मधाची घरं फोडून रिकामी केलेली. बाहेर जाणाऱ्या माश्या कमी झाल्या होत्या आणि आत सगळ्या गर्दी करून थांबल्या होत्या. ही सामान बांधल्याची लक्षणं असतात. मी पेटीचं झाकण लावलं आणि तिथंच जमिनीवर बसले. साखरेचं पाणी ठेवून पाहिलं, दारापुढं फळी लावून आडोसा केला. दुपारी धूर आलाच. मी भिंतीवरून ओरडले, "अहो, बंद करा ते!" पलीकडून फक्त डबा सरकवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या उठल्या.

तो आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच कळेल. पेटीच्या दारातून माश्या अक्षरशः ओतल्या जात होत्या, आणि वर हवेत त्यांचं एक भलंमोठं कडं फिरत होतं. मी बादली घेतली, पाण्याचा फवारा घेतला, रिकामा खोका घेतला. कडं हळूहळू भिंतीवर सरकलं. मग भिंतीपलीकडे. मी मनात म्हटलं, घे, झालं तुझ्या मनासारखं. आणि पुढच्या फाटकातून धावत त्याच्या आवारात शिरले, की त्यानं पकडण्याआधी मी पकडीन.

कुलूपवाला पकडायला नव्हताच. तो आतल्या खोलीच्या खिडकीसमोर उभा होता, दोन्ही हात पसरून. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, तोंडावर काही नाही, एका मुठीत प्लास्टिकची नळी घट्ट धरलेली. त्याच्या डोक्यावर, खिडकीच्या वरच्या चौकटीला माझ्या माश्यांचा घोस लोंबत होता आणि मोठा होत चालला होता.

"धूर करतो, धूर करतो," तो बडबडत होता. "डबा आणतो. गप्प बसतील. तुम्ही देता तेव्हा गप्प बसतात, मी बघितलंय."

"धूर अजिबात करू नका!" मी किंचाळले. "धुरानंच उठल्यात त्या!"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मला पुढचं विचारावं लागलं नाही. त्यालाच राहवेना.

"हिला चालत नाहीत," तो म्हणाला. "एक चावली होती. घसा बंद झाला, निळी पडली. वेळेवर दवाखाना गाठला म्हणून. आता चावली तर हे इंजेक्शन टोचायचं." त्यानं मूठ उघडून नळी दाखवली.

"मग सांगायचं नाही का मला?"

"मागच्या घरी सांगितलं होतं. शेजाऱ्याशी पाण्यावरून वाद झाला, तर त्यानं आमच्या खिडकीखाली साखरेच्या पाण्याची ताटली आणून ठेवली. म्हणून इथं कुणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं. आणि तुम्ही तर रोज दुपारी तोंडाला जाळी बांधून भिंतीपाशी उभ्या. मला वाटलं, त्यांना इकडं सोडताय."

मला हसू आलं असतं, पण तेवढ्यात अर्धवट सरकलेल्या पडद्यातून काचेमागं ती बाई दिसली. ती खिडकीपासून लांब, भिंतीला पाठ लावून उभी होती आणि चौकटीच्या वरच्या कोपऱ्याकडे बघत होती. उन्हानं तिथली चिकटपट्टी सुटली होती. माझी एक माशी त्या फटीत अर्धी आत गेली होती.

मी तिथल्याच एका स्टुलावर चढले आणि तळहात फटीवर दाबला. ती चावली, चावू दे. "ओलं फडकं द्या," म्हटलं. कुलूपवाल्यानं सदराच काढून बादलीत बुचकळला आणि मला दिला. मी तो फटीत कोंबला. मग घोसावर पाण्याचा बारीक फवारा मारला. पंख ओले झाले की त्या घट्ट बसतात. खोका खाली धरला आणि चौकटीला एक जोराचा धक्का दिला. अर्ध्याहून जास्त घोस दाणकन खोक्यात पडला. राणी आत आहे की नाही, हे बघायला डोळ्यांचा उपयोग नसतो. थांबावं लागतं. थोड्या वेळानं काही माश्या खोक्याच्या तोंडाशी आल्या, शेपट्या वर करून पंख फडफडवायला लागल्या. आत या, ती इथं आहे, असं त्या बाकीच्यांना सांगतात. उरलेल्या चालत चालत आत गेल्या.

कुलूपवाला तेवढा वेळ उघड्या अंगानं काचेला चिकटून उभा होता. त्याला जागोजागी चावल्या होत्या. तो हलला नाही.

घरी येऊन मी खोक्यातल्या माश्या परत पेटीत सोडल्या आणि नणंदेला फोन केला. तिची गावाबाहेर फळबाग आहे, आणि माश्या माझ्या बागेत आण म्हणून ती कधीची मागं लागली होती. मी दाद दिली नव्हती, कारण तिला सगळं कळतं असं तिला वाटतं.

"पेट्या ठेवशील का?" मी विचारलं.

"किती दिवस?"

"कायमच्या."

"आण," ती चक्क एवढंच म्हणाली. आमच्या ह्यांची बहीण शोभली.

अंधार पडल्यावर, माश्या परतल्या की, पेटीचं दार बंद करून न्यायच्या असतात. दोन्ही पेट्या ह्यांनी आणि मी गाडीत चढवल्या. बागेत ठेवल्या, दारं उघडली आणि परत आलो. वाटेत मी रडले. ह्यांनी एकदाही 'पुन्हा आणू' म्हटलं नाही, हे बरं केलं. आणता येणार नव्हत्या. आमच्या आणि त्या खिडकीच्या मध्ये एक भिंत होती फक्त.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागं गेले तर गुणगुण ऐकू आली. क्षणभर वेडी आशा वाटली. मग दिसलं. काही माश्या रात्री बाहेर राहिल्या होत्या, त्या आता परतल्या होत्या. रिकाम्या स्टँडवर, बरोबर जिथं पेटीचं दार असायचं त्या उंचीवर, त्या हवेत घिरट्या घालत होत्या. आत शिरायला दार नव्हतं.

भिंतीवर कुलूपवाल्याचं डोकं आलं. चेहरा सुजून एक डोळा मिटलेला.

"अजून आहेत?"

"उरलेल्या आहेत. घर शोधतायत. संध्याकाळपर्यंत मरतील." मग मला त्या बाईची आठवण झाली आणि मीच म्हटलं, "भीती वाटत असेल तर करा धूर. लवकर आटपेल."

डोकं खाली गेलं. मी वाट बघत राहिले. पत्र्याचा डबा सरकवल्याचा आवाज आता येईल, काडी ओढल्याचा येईल, वास येईल. कान आणि नाक दोन्ही तिकडेच लागलेले. पेट्या गेल्या म्हणून पलीकडे खिडकी उघडली असावी, ती लावल्याचा आवाज आला. मग रिळावरून नवी चिकटपट्टी ओढून फाडल्याचा, एकदा, दोनदा, बराच वेळ. धूर काही येईना.

मग तो पुन्हा स्टुलावर चढला असावा, कारण आवाज भिंतीच्या वरून आला.

"ती म्हणते, त्यांचं त्यांना सावकाश होऊ दे. ती तोवर आत बसेल."

मी नुसती मान हलवली, आणि संध्याकाळपर्यंत स्टँडशेजारी बसून राहिले.